बँड नसलेला बँडचा सिनेमा

ज्या सिनेमात बँड नाही, बँडचं एकही गाणं नाही, बँडमधल्या कुणाचा धड फोटोसुद्धा नाही, असा बँडवरचा सिनेमा तुम्ही कधी पाहिलाय? आम्ही पाहिलेत. ढिगाने. मांडीवर बशी घेऊन, बिस्किटं बुडवत, आणि मधूनमधून पडद्यावरच्या माणसाला "अहो चूक, चूक! ते तिसऱ्या अल्बमच्या आधी झालं!" असं ओरडत.

हे सिनेमे बिनपरवानगीचे असतात. म्हणजे परवानगी मागितलेली असते, मिळालेली नसते. रेकॉर्ड कंपनी गाणी देत नाही, म्हणून मागे वाजतो तो त्या गाण्याचा सावत्र भाऊ. चेहरा साधारण तोच, पण जवळ जावं तर ओळख देत नाही. फोटो मिळत नाहीत, म्हणून मग रिकामा रस्ता, ओला रस्ता, गिटारीवर फिरणारी कुणाची तरी बोटं, पुन्हा ओला रस्ता. आणि बोलायला कोण? तर ड्रमवाल्याचा दाताचा डॉक्टर. हा गृहस्थ एका सिनेमात एकाच दाढेवर इतका वेळ बोलला की माझा चहा गार झाला. ती दाढ वेळेवर काढली असती तर दुसरा अल्बम एवढा उदास झालाच नसता, असं त्याचं ठाम मत होतं. तुम्ही हसाल. मी आणि माझी नणंद, आम्ही तो भाग मागे नेऊन परत पाहिला.

कारण अधिकृत सिनेमात दाढ नसते. अधिकृत सिनेमा म्हणजे लग्नाचा अल्बम. सगळे इस्त्रीचे कपडे घालून ओळीने उभे. लग्नात खरं काय घडलं ते कळायला मागच्या दारी भांडी घासायला आलेल्या बाईला गाठावं लागतं. बिनपरवानगीचा सिनेमावाला नेमका तिलाच गाठतो, कारण पुढच्या दाराने त्याला आत घेत नाहीत.

तर आमचा बँड म्हणजे 'चौघे'. नाव वेगळं आहे, पण चाहते चौघेच म्हणतात. गायक, लंबू, ड्रमवाला आणि धाकटा. लंबू बेस गिटार वाजवायचा. खांबासारखा उंच, तोंडातून अवाक्षर नाही, गाणं तर दूरच. चौघांचा शेवटचा कार्यक्रम आमच्याच गावातल्या हॉलमध्ये झाला. त्यानंतर बँड मोडला, आणि पुढे काही वर्षांनी लंबू गेला. मग कंपनीने अधिकृत सिनेमा काढला. त्यात सगळं तीन वाक्यांत आटपलं: गायकाचं आणि लंबूचं बिनसलं होतं, शेवटचं वर्षभर ते एकमेकांशी बोलत नव्हते, आणि त्या काळात एकही नवं गाणं झालं नाही. गायक स्वतः यावर आजवर बोललेला नाही. विचारलं की उठून जातो.

चाहत्यांच्या जिवाला हे किती लागलं ते बाहेरच्याला नाही कळायचं. ज्यांच्या दोस्तीवर आपण आपल्या दोस्त्या बेतल्या, ते दोघं अबोला धरून वेगळे झाले आणि त्यातला एक तसाच गेला!

आणि इथे माझी नणंद येते.

वन्सं तेव्हा विशीत होत्या. त्या हॉलमध्ये रोजावर काम करायच्या. कार्यक्रमाच्या दुपारी खुर्च्यांवर नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवायला त्या खुर्च्यांच्या रांगांत वाकून बसल्या होत्या. कुणाला दिसत नव्हत्या. आणि स्टेजवर गायक आणि लंबू आले. दोघंच. एका माइकसमोर उभे राहिले आणि एक गाणं म्हणाले. वन्संना चौघांची सगळी गाणी पाठ, त्यातलं हे नव्हतं. गायकाचा आवाज स्वच्छ येत होता. लंबूचे ओठ हलत होते, हातात बेसही चालू होता, पण ते सगळं खालून नुसतं छातीत घुमत होतं. शब्द एकही कळला नाही. गाणं संपल्यावर दोघंही हसले, आधी लंबू. वन्सं म्हणतात, "अगं, इतका हसला की त्याला माइकचा दांडा धरावा लागला." संध्याकाळी कार्यक्रमात ते गाणं वाजलंच नाही. नंतर कधीच नाही.

वन्संच्या डोक्यात ती चाल राहिली. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून ऐकतेय. दुकानात आम्ही दोघी असतो. लोकांचे कपडे आखूड-लांब, सैल-घट्ट करून देतो. मी मशीनवर, वन्सं इस्त्रीवर. राग आला की वन्सं बोलत नाहीत. इस्त्री दाबतात आणि तीच चाल गुणगुणतात. त्यामुळे मलाही ती पाठ, आणि रोज दुपारी डबा खायला येणाऱ्या भावोजींना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, तर झोपेतसुद्धा पाठ.

पण जगात आणखी कुणी ती ऐकलेली नव्हती. वन्संनी हिंमत करून एकदा हे चाहत्यांच्या अड्ड्यावर लिहिलं. अड्डा म्हणजे कॉम्प्युटरवरचा, जिथे सगळे चाहते भांडतात. तो चालवणारा प्रोफेसर. चष्म्याचं दुकान आहे त्याचं, पण चौघांच्या बाबतीत तो प्रोफेसर. तो म्हणाला, "ताई, दोघं बोलतही नव्हते. पुरावा?" पुरावा काय देणार? खुर्च्या? तेव्हापासून अड्ड्यावर वन्संचं नाव पडलं खुर्चीवाली बाई. कुणी काही न पटणारं लिहिलं की लोक लिहायचे, 'खुर्चीखाली ऐकलंस का?'

वन्सं वरवर हसायच्या. पण मला माहीत होतं. त्यांना स्वतःचं कौतुक नको होतं. एवढंच हवं होतं की ते दोघं हसत होते हे कुणीतरी मानावं.

म्हणून मास्तरांचा फोन आला तेव्हा मी आनंदाने एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड करून मोकळी झाले. मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. सकाळ-संध्याकाळ लोकांना गाडी शिकवायची आणि मधल्या वेळात बँडवर सिनेमे काढायचे. दाढेचा सिनेमा त्यांचाच! आता ते चौघांच्या शेवटच्या कार्यक्रमावर काढत होते आणि त्यांना खुर्चीवाली बाई हवी होती.

"वन्सं! मास्तर येतायत! कॅमेरा घेऊन!"

"कोण मास्तर? माझं शिक्षण संपलंय."

"दाढवाले!"

वन्संनी इस्त्री उभी ठेवली, आरशात पाहिलं, आणि म्हणाल्या, "केस कापायला हवे होते, नाही का गं?"

मास्तर आले ते एका हातात कॅमेऱ्याचं तिकाटणं आणि खांद्यावर पिशव्या घेऊन. किडकिडीत, घाईत असलेला माणूस. आयुष्य शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून गेल्यामुळे त्यांना एक सवय लागली होती. समोरचा माणूस बोलता बोलता भरकटला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. माझ्या बोलण्यात तो सतत दाबलेलाच होता.

त्यांची पद्धत मला फार आवडली. गाणी वापरायला मिळत नाहीत ना, मग ते प्रत्येकाला म्हणायचे, "त्या दिवसातलं जे डोक्यात राहिलंय ते गुणगुणा." कुणी गाणं गुणगुणायचं, कुणी जनरेटरची घरघर काढून दाखवायचं. एकाचं दुसऱ्याला कधीच ऐकवायचे नाहीत. "माणसाच्या घशाला नोटीस कशी पाठवायची हे अजून कंपनीला सुचलेलं नाही," असं म्हणून ते हसायचे.

वन्संना रिकाम्या हातांनी बोलता येत नाही, म्हणून त्या इस्त्री करत करतच बोलल्या. वाफेने कॅमेऱ्याची काच दोनदा पुसावी लागली. पण काय बोलल्या! स्टेजवरची धूळ, लंबूचे सुटलेले बुटाचे बंद, सगळं. मग डोळे मिटून त्यांनी चाल गुणगुणली. अख्खी. मास्तरांचा पाय जागचा हलला नाही.

"ताई," ते म्हणाले, "माझा विश्वास बसला. पण सिनेमात एकटं माणूस चालत नाही. त्या दुपारी हॉलमध्ये असलेलं, हे ऐकलेलं आणखी कुणी?"

"कुणी नाही," वन्सं म्हणाल्या. तेवढ्यात पुढच्या दाराशी गिऱ्हाईक आलं आणि त्या गेल्या.

आणि कोपऱ्यात डब्याचं झाकण हातात धरून बसलेले भावोजी म्हणाले, "मी होतो."

मी मशीन थांबवलं.

"म्हणजे मी लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो तिथे. लिफ्टचंच काम माझं. तेव्हा ऐकलं."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत, भावोजी?"

"कुणी विचारलं नाही."

आता भावोजी स्वभावानेच असे, की घराला आग लागली तरी कुणी विचारल्याशिवाय सांगणार नाहीत. त्यामुळे मला खरं वाटलं. अंगावर काटा आला! मास्तरांनी कॅमेरा गर्रकन फिरवला. "गुणगुणा!" भावोजींनी घसा खाकरला आणि चाल म्हटली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बिनचूक. मास्तर आनंदाने जवळजवळ पळतच गेले आणि घरी पोचायच्या आत अड्ड्यावर लिहून मोकळे झाले: दुसरा साक्षीदार सापडला! हॉलची लिफ्ट दुरुस्त करायला आलेले गृहस्थ!

प्रोफेसरने एका ओळीत उत्तर दिलं. 'त्या हॉलला लिफ्ट नाही. बैठा हॉल आहे.'

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखालच. अड्ड्यावर नुसती जत्रा. कुणी बैठ्या हॉलच्या लिफ्टचं चित्र काढलं. कुणी लिहिलं, 'नवऱ्याला नसलेली लिफ्ट दिसते, बायकोला नसलेलं गाणं ऐकू येतं. जोडा छान जमलाय.' मला त्याही परिस्थितीत हसू आलं, ते मी उशी तोंडावर धरून उरकलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात वन्संनी नवऱ्याला फैलावर घेतलं.

"अहो, तेव्हा मी तुम्हाला ओळखतही नव्हते! तुम्ही तेव्हा या गावातसुद्धा नव्हता!"

"नव्हतो," भावोजी म्हणाले.

"मग?"

"मग काय. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. त्यांना ते पटायला अजून एक माणूस कमी पडत होता. मी म्हटलं, मी आहे."

"आणि खोटं बोलायचंच होतं तर लिफ्ट कशाला मधे आणलीत?"

"मला दुसरं काही येत नाही गं."

वन्संनी एक अख्खा कोट असा दाबला की त्याची बटणं सपाट व्हायची बाकी होती. पण मी पाहिलं, डब्यातली अर्धी भाजी त्यांनी भावोजींच्या झाकणात सरकवली.

चार दिवसांनी मास्तर आले ते मान खाली घालून. वन्संना पाहताच म्हणाले, "ताई, मला तुमचा भाग काढावा लागेल. तुम्ही खऱ्या आहात. पण आता तो दाखवला तर लोक म्हणतील अख्ख्या घराने पाठांतर करून घेतलंय. तुमची थट्टा होईल, आणि सिनेमातल्या बाकीच्यांवरचाही विश्वास उडेल."

"काढा," वन्सं म्हणाल्या. एवढंच. पाठ फिरवून इस्त्रीच्या टेबलाशी गेल्या, वाफ सोडली, आणि सुरू झाल्या. हं हं हंऽऽ.

मास्तर माझ्या मशीनशेजारी स्टुलावर बसले. बिचाऱ्यांना निघावंसंही वाटेना. मी म्हटलं, उरलेलं तरी दाखवा. त्यांनी लॅपटॉप उघडून कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि एकेक जण दाखवू लागले. तिकीट फाडणारी बाई. ड्रमवाल्याला नवा शर्ट विकणारा दुकानदार. मग एक म्हातारे काका, हातात बादली, गाडी धुताहेत. "हे व्हॅनवाले काका. चौघांचं सामान यांच्या गाडीतून यायचं. यांचं काही उपयोगाचं नाही, नुसतं हूं हूं करतात. पण चेहरा छान आहे म्हणून ठेवलंय."

काका फडकं पिळत गुणगुणत होते. खरंच त्याला चाल म्हणता आली नसती. खालच्या आवाजात चार पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. मधेच एक लांब सूर धरून उभं राहायचं. मी ऐकतेय आणि सुईत दोरा ओवतेय.

आणि माझ्या मागे वन्संची हं हं चालूच.

काका थांबले, तिथे वन्सं वर गेल्या. काकांनी लांब सूर धरला, आणि त्याच्यावरून वन्सं तीन पायऱ्या उतरून आल्या. काका चालू लागले, तशा वन्सं थांबल्या. कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. दोन माणसं अरुंद जिन्यावरून रोज जाऊन-येऊन सरावलेली असावीत, तसं.

माझ्या हातातली सुई कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही.

"मास्तर!"

मास्तरांचा पाय ब्रेकवर गच्च दाबलेला होता. त्यांनीही ऐकलं होतं.

"काय झालं?" वन्सं वळल्या. "मशीन अडलं का?"

"थांबू नका!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. "वन्सं, म्हणत राहा! म्हणत राहा!"

"अगं पण काय?"

"मागे न्या, मास्तर, मागे न्या! पहिल्यापासून!"

मास्तरांनी घाईत दोनदा भलताच माणूस लावला, शर्टवाला दुकानदार येऊन जाऊन झाला. शेवटी काका लागले. मी वन्संना ओढत लॅपटॉपजवळ आणलं. "हे ऐका, आणि यांच्याबरोबर तुमचं म्हणा."

"हे कोण? हे तर काहीतरी भलतंच म्हणतायत."

"म्हणा हो!"

वन्संनी थोडा अंदाज घेतला. काकांचा सूर जरा खाली होता, तो पकडला. आणि म्हणाल्या. दोन ओळी झाल्या असतील. मग त्यांचा आवाज बंद पडला. काका एकटेच हूं हूं करत राहिले. वन्संनी हात छातीवर ठेवला होता.

"हे," त्या म्हणाल्या, "हेच घुमत होतं इथे. हे लंबूचं आहे."

मास्तर उठून उभे राहिले, स्टूल पडलं. "हे मी गेल्या वर्षी घेतलंय. तुमचं नावही मला माहीत नव्हतं तेव्हा. हे काका अड्ड्यावर नाहीत, त्यांच्याकडे कॉम्प्युटरच नाही. फोन! फोन लावतो!"

काकांना कमी ऐकू येतं. अख्ख्या गल्लीने ते संभाषण ऐकलं असेल.

"काका, मी मास्तर!"

"क्लच जळाला का?"

"नाही हो! सिनेमावाला! तुम्ही गाडी धुताना गुणगुणलात ना, ते कुठलं?"

"कुठलं म्हणजे? ते काय गाणं नव्हे. लंबू वाजवायचा ते."

"कुठे वाजवलं? कधी?"

"तिथंच की, शेवटच्या हॉलात. दुपारी सामान लावून मी आडवा झालो, त्या मोठ्या काळ्या स्पीकरच्या मागं. आणि हा बाबा चालू झाला. कानाशीच! माझा हा कान तिथंच गेला असं डॉक्टर म्हणतो. झोप मोडली म्हणून राग आला होता, पण डोक्यातून काही जाईना ते."

"गायक होता का बरोबर?"

"असेल. मी मागं होतो ना, मला नुसतं खालचंच ऐकू येत होतं. पण लंबू आपला आपण वाजवत नव्हता एवढं सांगतो. मधेच थांबायचा, जागा ठेवायचा. कुणासाठी तरी थांबतो ना माणूस, तसा."

मास्तरांनी फोन खाली ठेवला. आम्ही सगळेच एकदम बोलायला लागलो. वन्सं रडत होत्या आणि मला रागवत होत्या की कोट करपतोय, इस्त्री उचल. कोट खरंच करपला. त्या गिऱ्हाइकाला आम्ही नवं अस्तर फुकट लावून दिलं, आणि कारणही सांगितलं. त्याला काहीही समजलं नाही.

नुसतं दोघांनी एकच चाल म्हटली असती तर प्रोफेसर म्हणाला असता, शिकवलं. भावोजींनी म्हटली ती शिकलेलीच होती. पण इथे दोन अनोळखी माणसं, दोन वेगळ्या चाली, आणि त्या एकमेकींत अशा बसत होत्या जशी बाही खांद्यात बसते. मी शिवणकाम करते. सांगते तुम्हाला, बाही चुकून बसत नाही. ती बेतावी लागते.

सिनेमा पुरा झाल्यावर मास्तरांनी फर्निचरच्या एका दुकानाचा वरचा मजला मागून घेतला. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी. चाहते सोफ्यांवर बसले होते, किमतीच्या चिठ्ठ्या सोफ्यांच्या हातांवर लोंबत होत्या. प्रोफेसर पहिल्या रांगेत आरामखुर्चीत, वही-पेन घेऊन. मागे व्हॅनवाले काका, चांगल्या कानाची बाजू पडद्याकडे करून. वन्सं आणि ते जिन्यात भेटले होते.

"तुम्ही खुर्च्यांत होतात?" काकांनी विचारलं.

"आणि तुम्ही स्पीकरमागे?"

"मला कुणी सांगितलंच नाही की अजून कुणी आहे."

"मलाही नाही."

दोघं एकमेकांकडे बघून मान हलवत राहिले. माझाच जीव वरखाली होत होता. वन्संचा हात मी धरून ठेवला होता. आज थट्टा झाली असती तर ही बाई पुन्हा कधी गुणगुणली नसती.

सिनेमा सुरू झाला. ओला रस्ता आलाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ओल्या रस्त्याशिवाय आम्हाला चुकल्यासारखं होतं. शर्टवाला दुकानदार आला. मग डब्याचं झाकण धरलेले भावोजी आले, 'मी लिफ्ट दुरुस्त करायला गेलो होतो' म्हणत, आणि खाली अक्षरं उमटली: या हॉलला लिफ्ट नाही. सोफे हलेपर्यंत लोक हसले. भावोजी काढून टाका म्हणत होते, पण वन्संनीच ते ठेवायला लावलं होतं. "राहू दे. माझ्यासाठी कुणी कॅमेऱ्यासमोर असं बोललं, त्याचा पुरावा असू दे की माझ्याकडे."

मग काका, एकटे, बादलीजवळ. कुणाला काही विशेष वाटलं नाही. मग वन्सं, वाफेत. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "लिफ्ट आली बरं का." थोडी खसखस पिकली.

मग पडदा काळा झाला. चित्र नाही, वाद्य नाही. फक्त दोन घसे. खाली काका चालताहेत, वर वन्सं. काका थांबले, वन्सं वर गेल्या.

आधी मागचा हसणारा थांबला. मग सोफ्यांची करकर थांबली. लांब सुरावरून वन्सं तीन पायऱ्या उतरल्या तेव्हा प्रोफेसरच्या मांडीवरून वही पडली आणि त्याने ती उचलली नाही.

दिवे लागले. प्रोफेसर उभा राहिला, मागे वळला. चष्मा काढून हातात घेतला होता, त्यामुळे तो कुणाकडे बघतोय ते कळेना.

"परत लावा," तो म्हणाला.

मास्तरांनी परत लावलं.

"म्हणजे बसून केलंय त्यांनी हे," प्रोफेसर म्हणाला. "दोघांनी बसून केलंय. अहो, हे बोलल्याशिवाय होतच नाही. तू इथे थांब, मी इथे येतो, असं बोलावं लागतं." मग वन्संना शोधत म्हणाला, "ताई, कुठे आहात? ते हसले होते म्हणालात ना? कोण हसलं आधी? लंबू?"

"लंबू," वन्सं उभ्या राहून म्हणाल्या. "माइकचा दांडा धरून."

"दांडा धरून!" प्रोफेसर सगळ्यांना सांगू लागला, जणू कुणी ऐकलंच नव्हतं. "दांडा धरून हसला!"

आणि मग जो काय कल्ला झाला! मोठमोठी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. एक बाई सोफ्यावर उभी राहिली, किमतीची चिठ्ठी तिच्या बुटाला चिकटली. आणि आम्ही चाहते असल्यामुळे लगेच वाद सुरू झाला. प्रोफेसरचं म्हणणं, खालचा आवाज अर्ध्या मात्रेने आधी शिरतो. काकांचं म्हणणं, कान माझा गेलाय, मला विचारा. शेवटी कुणीतरी म्हणालं, गाऊनच बघू या. डाव्या बाजूचे सोफे वन्संकडे, उजव्या बाजूचे काकांकडे.

पहिल्यांदा नुसता गोंधळ. सगळे चेकाळून भरधाव सुटले. मास्तर दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होते. तेव्हा माझी नणंद, जिला अड्ड्यावर एक ओळ लिहायची म्हणजे घाम फुटायचा, टेबलावर हात आपटून ओरडली, "अहो हळू! पळताय कुठे? ते दोघं कुठे पळत होते? काका थांबले की थांबायचं! तुम्हाला तिसऱ्या अल्बमची तारीख पाठ असते, आणि थांबता येत नाही?"

सगळे पुन्हा पहिल्यापासून नीट सुरू झाले. या वेळी जमलं. जे गाणं जगात कुठल्याही तबकडीवर नाही, ज्यावर कंपनीचा शिक्का नाही, ते फर्निचरच्या दुकानात दोन बाजूंनी उठलं आणि मधे येऊन मिळालं. प्रोफेसर डोळे मिटून अर्धी मात्रा आधीच शिरत होता. त्याला कुणी अडवलं नाही.

मी आमच्या बाजूला भावोजींना शोधलं. त्यांना तर ही चाल झोपेतही येते, जोर आला असता. ते नव्हते. पाहिलं, तर ते पलीकडे जाऊन काकांच्या शेजारी बसले होते. कपाळावर आठ्या, ओठ पुढे, काकांच्या तोंडाकडे एकटक बघत ते खालचा आवाज शिकत होते आणि दर दोन सुरांनी घसरत होते.

वन्संनी इकडून खूण करून विचारलं, तिकडे काय करताय?

भावोजींनी हातानेच सांगितलं, तू चालू दे. आणि जिथे थांबायचं होतं तिथे ते बरोबर थांबले.